ओट्याचं माहेर

आमचा ओटा कडप्प्याचा. १९८४ साली घर घेतलं तेव्हा बसवलेला, आठ फूट लांब, दोन फूट रुंद. गॅसच्या डाव्या अंगाला त्यावर तीन पांढुरके गोल आहेत. ते माझे. तिसरीत असताना लिंबाच्या सरबताचे तीन पेले ओट्यावर ठेवून मी खेळायला पळाले आणि बुडाशी सांडलेलं सरबत रात्रभर तिथेच राहिलं. सकाळी आईने ओटा पुसला, पण गोल काही पुसले जाईनात. राख झाली, रांगोळी झाली, धुण्याचा सोडा झाला. शेवटी तांब्याची भांडी निघतात तसे निघतील म्हणून तिने चिंच चोळली, तर शेजारी चौथा डाग पडला, चांगला हातभर लांबीचा. त्या चौथ्या डागाविषयी आमच्या घरात बोलायची पद्धत नाही.

यंदा स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं. मिस्त्रीने आल्याआल्या निकाल देऊन टाकला, "कडप्पा आता कोण लावतं ताई? ग्रॅनाइट टाका, जन्मात बघायला नको." आई दुकानातून दोन तुकडे घेऊन आली, एक काळाभोर आणि एक गुलाबी, ठिपक्याठिपक्यांचा. गुलाबी जवळपास पक्का झाला होता. तेवढ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्याने एक फॉरवर्ड टाकला. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं, त्यातून रात्रंदिवस किरणं निघतात, ओट्यावर कणीक मळू नका, पंधरा जणांना पाठवा. आईने पंधरा जणांना पाठवला आणि गुलाबी तुकडा बाल्कनीत नेऊन ठेवला.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो लगेच स्वतःचं ऑनलाइन मागवलेलं गायगर काउंटर, म्हणजे किरणं मोजणारं यंत्र, घेऊन हजर झाला. गुलाबी तुकड्याजवळ टिकटिक जराशी दाट झाली. काळ्याजवळ विरळच राहिली. आमच्या जुन्या कडप्प्यापाशी तर ते यंत्र जवळजवळ झोपलंच. "बघ!" आई म्हणाली. मग मात्र खालच्या मजल्यावरच्या काकांना वर बोलवावं लागलं.

काकांनी उभी नोकरी अणुखनिजं शोधणाऱ्या सरकारी खात्यात काढली. नागपूर, जमशेदपूर, हैदराबाद, आणि अधल्यामधल्या सगळ्या जंगलांत तंबू. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग असतं. दगड हातात आला की तो आधी उलटा करायचा, मग जिभेने ओला करायचा आणि मग भिंग लावायचं, हा त्यांचा क्रम. ओल्या दगडातले कण नीट दिसतात म्हणे. "आणि युरेनियमचा दगड असला तर?" मी एकदा विचारलं होतं. "अगं, तो आहे हे काउंटर आधीच ओरडून सांगतो. मग नाही चाटत."

काळा तुकडा त्यांनी बघितला आणि बाजूला सारला. "हा ग्रॅनाइटच नव्हे. डोलेराइट दिसतोय, आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टचा चुलतभाऊ. दुकानदार त्याला ग्रॅनाइट म्हणतो, आपण कशाला म्हणायचं?" गुलाबी मात्र अस्सल निघाला. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशोब मांडला. एवढ्या ओट्याला दगड लागणार सत्तर किलो. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम असतं दहा लाख भागांत चार-पाच भाग. म्हणजे अख्ख्या ओट्यात मिळून पाव ग्रॅमच्या थोडं वर.

"दोन गुंजा," आई पटकन म्हणाली. तिचा हिशोब अजून सोनाराकडचा आहे.

"सव्वादोन," काका म्हणाले. "आणि त्या सत्तर किलोभर विखुरलेल्या. तुम्ही कणीक खुशाल मळा."

आई गप्प झाली, पण पटलेलं दिसत नव्हतं. मला वेगळाच प्रश्न पडला होता. युरेनियम म्हणजे कुठल्याशा परदेशी खाणीत, शिशाच्या पेटीत, बंदूकधारी पहाऱ्यात असणारी वस्तू, अशी माझी समजूत. ते आमच्या बाल्कनीत, पायपुसण्याशेजारी पडलेलं होतं. काकांनी आणखी एक धक्का दिला. पृथ्वीच्या कवचात चांदी जेवढी आहे, तिच्या चाळीसेक पट युरेनियम आहे. समुद्राच्या पाण्यात तर ४०० कोटी टनांहून जास्त विरघळलेलं आहे, दर हजार लिटरला तीन मिलिग्रॅम. जुहूच्या लाटेत पाय बुडवले तरी ते पायाला लागून जातं. असं सगळीकडे थोडंथोडं असलेल्या वस्तूला कोणी खजिना म्हणत नाही. ते एका जागी साठलं तरच त्याला साठा म्हणायचं, आणि एका जागी थांबणं या धातूच्या स्वभावात फारसं नाही.

त्या स्वभावाविषयी काका बोलायला लागले की त्यांना चहा विचारायचा नसतो. गोष्ट अशी आहे. हवेतला ऑक्सिजन लागला की युरेनियम पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालू पडतं. ओढ्यातून नदीत, वाळूतून झिरपत जमिनीखाली. वाटेत कुजलेला पाचोळा, लाकूड, कोळसा, गंधकाची खनिजं, असं ऑक्सिजन खाऊन टाकणारं काही भेटलं की ते पाण्यातून सुटतं आणि तिथेच बसतं. एवढंच. बाकी जगातल्या बहुतेक मोठ्या साठ्यांची कहाणी ही याच चालण्याची आणि अडकण्याची आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या पठारावर जुन्या नद्यांच्या वाळूत गाडले गेलेले, दगड झालेले झाडांचे ओंडके सापडतात, डायनोसॉरच्या काळातले. लाकडाच्या जागी युरेनियम भरलेलं असतं. आजूबाजूची वाळू कोरडी आणि ओंडका तेवढा पिवळा. मला हे चित्र विसरता येत नाही: नदीतून वाहत आलेलं एक झाड, आणि त्याला लाखो वर्षं कण-कण करून चिकटत गेलेलं हे ओझं.

पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजनच नव्हता तेव्हा तर युरेनियमला विरघळताही येत नव्हतं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत ते नदीच्या गोट्यांमध्ये जड दाण्यांसारखं लोळत पडायचं, सोन्याबरोबर. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवाटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतून म्हणूनच युरेनियम निघतं. जीवसृष्टीने हवा बदलली आणि मग हा धातू हिंडायला लागला.

माणसाने मात्र ते आधी ओळखलं ते डोंगराच्या पोटातल्या भेगांमधून. चेक देशात, जर्मनीच्या सीमेला लागून याखिमोव्ह नावाचं गाव आहे, जर्मनमध्ये योआखिम्सटाल. १५१६ साली तिथे चांदी लागली. त्या चांदीच्या नाण्याला गावावरून 'टालर' म्हणू लागले आणि टालरचा पुढे डॉलर झाला. म्हणजे डॉलर हा शब्द मुळात एका खाणगावाचा आहे. चांदीची शिर जिथे संपायची तिथे एक जड, काळा, डांबरासारखा चकाकणारा दगड यायचा. खाणकामगार त्याला पेखब्लेंड म्हणत. जर्मनमध्ये 'पेख' म्हणजे डांबर आणि 'पेख' म्हणजे फुटकं नशीबसुद्धा. चांदी संपली, नशीब फुटलं, दगड टाकून द्या. या गावात १५२७ पासून काही वर्षं गेऑर्ग ॲग्रिकोला नावाचा डॉक्टर होता. खाणींवर त्याने पुढे जे लिहिलं त्यात एक नोंद आहे: कार्पेथियन डोंगरांतल्या खाणगावांत एकापाठोपाठ सात नवरे करावे लागलेल्या बायका आहेत, साती नवरे फुप्फुसाच्या रोगाने गेलेले. याखिमोव्हमध्येही लोक तसेच मरत. खाणीतल्या हवेत रेडॉन वायू असतो, युरेनियमच्याच वंशातला, आणि तो कॅन्सर करतो, हे कळायला पुढची चारशे वर्षं जायची होती.

१७८९ साली बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोथने असल्याच काळ्या दगडातून नवं मूलद्रव्य ओळखलं. आठच वर्षांपूर्वी युरेनस ग्रह सापडला होता, त्याच्यावरून नाव ठेवलं. पुढची शंभर वर्षं या धातूचा मोठा उपयोग कोणता, तर काचेला हिरवट-पिवळा रंग देणं. फुलदाण्या, अत्तराच्या बाटल्या. रंग काढून घेतला की उरलेला चोथा याखिमोव्हच्या पाइनच्या जंगलात फेकत. १८९८ नंतर पॅरिसहून मारी क्युरींनी तो चोथा मागवला, टनांवारी. पोती उघडली तेव्हा तपकिरी भुकटीत पाइनची काडीसारखी पानं मिसळलेली होती. त्या भुकटीतून चार वर्षं ढवळून, उकळून, गाळून १९०२ साली रेडियमचं संयुग हाती आलं, एक दशांश ग्रॅम. आईच्या भाषेत एक गुंजही पुरती नाही.

याच गावात १९०६ साली किरणोत्सारी पाण्याच्या स्नानासाठी आरोग्यधाम निघालं. ते अजून चालतं. आणि १९४८ नंतर याच गावात कम्युनिस्ट राजवटीने राजकीय कैद्यांच्या छावण्या उभारून त्यांच्याकडून सोव्हिएत बॉम्बसाठी युरेनियम खणून घेतलं. चांदी, काच, रेडियम, स्नान, कैद. एका गावाच्या वाट्याला एवढं सगळं कशाला यावं?

काँगोतल्या शिंकोलोब्वेच्या वाट्याला एकच गोष्ट आली, पण ती पुरेशी होती. कातांगा प्रांतातल्या या खाणीत १९१५ मध्ये लागलेलं खनिज इतकं श्रीमंत होतं, की त्यात कुठे कुठे निम्म्याहून जास्त युरेनियमचं ऑक्साइडच असायचं. बेल्जियन कंपनीचा प्रमुख एदगार सेंजिए याने १९४० मध्ये त्यातलं बाराशे टन न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर पाठवून ठेवलं. दोन वर्षं ती पिंपं तिथे पडून होती. १९४२ च्या सप्टेंबरात अमेरिकन लष्कराचा अधिकारी विचारपूस करत त्याच्याकडे आला आणि सौदा त्याच दिवशी झाला. हिरोशिमाच्या बॉम्बमागच्या युरेनियमचा मोठा वाटा त्या एका खाणीचा. हिरोशिमा सगळ्यांना पाठ आहे. शिंकोलोब्वे मी या ओट्याच्या निमित्ताने पहिल्यांदा वाचलं, आणि मला माझीच थोडी लाज वाटली.

उरलेल्यातला काही वाटा कॅनडाच्या उत्तरेतला, ग्रेट बेअर लेकच्या काठचा. तिथल्या डेने लोकांनी खनिजाची पोती पाठीवरून बोटींत चढवली होती. पोत्यांत काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यातली काही माणसं हिरोशिमाला गेली, माफी मागायला. ज्यांनी पोती उचलली ते गेले, बरं का. पोती विकत घेणाऱ्यांपैकी कोणी गेल्याचं माझ्या वाचनात नाही.

मला या सगळ्या भूगोलात सर्वांत आवडलेली जागा आहे मध्य आफ्रिकेतल्या गॅबन देशातली, ओक्लो. १९७२ साली फ्रान्समध्ये पिएरलातच्या कारखान्यात तिथल्या खनिजाची तपासणी चालली होती. युरेनियममध्ये २३५ वजनाचा प्रकार जगात कुठेही घ्या, ०.७२०२ टक्के असतो. चंद्रावरच्या दगडातही तेवढाच. ओक्लोच्या नमुन्यात तो निघाला ०.७१७१. फरक किती, तर तिसऱ्या दशांशाचा. आपल्या बँकेत असा फरक आला तर कारकून 'राउंडिंग' म्हणून सोडून देईल. त्या प्रयोगशाळेतल्या माणसाने सोडला नाही. शोध घेता घेता हिशोबातून दोनशे किलो युरेनियम-२३५ गायब असल्याचं कळलं, म्हणजे काही बॉम्ब होतील एवढं. कोणी चोरलं? उत्तर असं निघालं, की ते जळून गेलं होतं. जमिनीतच, दोनशे कोटी वर्षांपूर्वी.

युरेनियम-२३५ हे त्याच्या जड भावापेक्षा, युरेनियम-२३८ पेक्षा, लवकर संपतं. त्यामुळे मागे जावं तसं त्याचं प्रमाण वाढत जातं, आणि त्या काळात ते तीन टक्क्यांच्या वर होतं, आजच्या बऱ्याच अणुभट्ट्यांच्या इंधनात मुद्दाम वाढवून ठेवतात तेवढं. ओक्लोत खनिज दाट साठलं होतं, वाळूच्या दगडातून पाणी झिरपत होतं. अणू फोडणारे न्यूट्रॉन कण पाण्याने मंद झाले, मंद झाले की ते जास्त अणू फोडतात, आणि अणुभट्टी आपोआप पेटली. तापली की पाण्याची वाफ व्हायची, वाफ निघून गेली की भट्टी विझायची, गार झाली की पुन्हा पाणी यायचं. अर्धा तास चालू, अडीच तास बंद. असं लाखो वर्षं. खडकात अडकलेल्या झेनॉन वायूवरून हे वेळापत्रक शास्त्रज्ञांनी काढलं. आमच्याकडच्या भारनियमनाचं वेळापत्रक कुणाला इतकं खात्रीने सांगता आलं नाही कधी.

बाकी आजचा बाजार तसा पटकन सांगून होण्यासारखा आहे. जगातलं सुमारे चाळीस टक्के युरेनियम एकटा कझाकस्तान काढतो. तिथे खाण अशी दिसतच नाही. गवताळ माळावर नळांच्या रांगा, खाली वाळूच्या थरात सल्फ्युरिक आम्ल सोडायचं आणि विरघळलेलं युरेनियम वर ओढून घ्यायचं. कॅनडाच्या अथाबास्का खोऱ्यात जगातला सर्वांत श्रीमंत साठा, टनामागे दीडशे किलोपर्यंत. सिगार लेकच्या खाणीत किरणोत्सार इतका, की माणूस खनिजाजवळ जातच नाही. भोवतालची जमीन आधी गोठवतात आणि पाण्याच्या झोताने खनिज कापून घेतात. नामिबियाच्या वाळवंटात रॉसिंग, सहाराच्या कडेला नायजरमधलं आर्लित. आणि ऑस्ट्रेलियात जगातला सर्वांत मोठा एकटा साठा, ऑलिंपिक डॅम, तांब्याच्या सोबतीने, तीनशे मीटर खडकाखाली. वर जमिनीवर काहीच खूण नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेत मात्र खूण होती, फक्त ती दगडात नव्हती. जावोयन लोक तिथल्या एका प्रदेशाला आजारपणाचा मुलूख म्हणतात. बुला हा त्यांचा निर्माता तिथे जमिनीत आहे, त्याला डिवचलं तर रोगराई येते, म्हणून तिथे खणायचं नाही. युरेनियमच्या शोधकांनी १९५० च्या दशकात त्याच खोऱ्यात डझनभर खाणी उघडल्या. पुढे त्यातल्या कॉरोनेशन हिलवर सोन्यासाठी पुन्हा खणायचा बेत आला, आणि १९९१ मध्ये सरकारने जावोयनांचं ऐकून तो रद्द केला. आपल्या कोकणात देवराईतली फांदीसुद्धा तोडायची नाही म्हणतात, तेव्हा कारण विचारलं तर म्हातारी माणसं "देवाचं आहे" एवढंच सांगतात. जावोयन निदान आजारपण तरी सांगत होते. काका यावर म्हणाले, योगायोग. मी वाद घातला नाही. त्यांचा आवाज मात्र नेहमीएवढा ठाम नव्हता.

नकाशावर या जागा टिपत बसले होते तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. ऑस्ट्रेलियाकडे जगात सर्वांत जास्त युरेनियम, पण वीज बनवणारी अणुभट्टी एकही नाही. नामिबियात नाही. नायजरमध्ये नाही, आणि तिथे तर बहुतेक घरांत वीजच नाही. त्याच नायजरकडून दशकानुदशकं युरेनियम घेतलेल्या फ्रान्सची दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते आणि स्वतःच्या खाणी त्याने २००१ पर्यंत बंद करून टाकल्या. दूध एका गोठ्यात आणि चहा दुसऱ्या घरात, असं हे आहे.

आपल्याकडे पहिलं युरेनियम लागलं ते १९५१ साली जादुगुडाला, आजच्या झारखंडात, तांब्याच्या पट्ट्याला लागून. काकांची उमेदीची वर्षं तिथे गेली. त्यांच्या बोलण्यात 'कोअर' येतो, म्हणजे ड्रिलने काढलेला दगडाचा दंडगोल. तो लाकडी पेट्यांत मीटर-मीटरने रचून ठेवतात आणि त्या पेटीवर कोणी बसलं तर काका आजही भडकतील. "टनाला अर्धा किलो," ते जादुगुडाविषयी सांगतात, "आणि त्या अर्ध्या किलोसाठी नऊशे मीटर खाली उतरायचं. कॅनडावाले आमचा ग्रेड ऐकून हसायचे." अर्धा किलो घेतल्यावर उरलेला जवळजवळ टनभर चोथा कुठे जातो, तर काही परत खाणीत आणि बाकीचा गावाशेजारी त्यासाठीच बांधलेल्या तलावात. भोवती संथाळ आणि हो आदिवासींची गावं. तिथल्या मुलांच्या आजारांविषयी लोक वर्षानुवर्षं तक्रार करत आले, कंपनी नाकारत आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. काका या विषयावर आले की भिंग पुसायला लागतात.

मेघालयात डोमियासियात नावाच्या गावी चांगला साठा आहे, वाळूच्या दगडात, फार खोल नाही. तो अजून जमिनीतच आहे. खासी लोकांत जमीन आईकडून लेकीकडे जाते, धाकटी लेक तर माहेर सोडतच नाही. तिथल्या स्पिलिटी लिंगडोह लांगरिन या आजींनी आपली जमीन भाड्याने द्यायला शेवटपर्यंत नकार दिला. २०२० मध्ये त्या गेल्या.

महाराष्ट्राचं काय? काकांनी हात झटकले. "आपण लाव्ह्यावर बसलोय. राज्याचा पाचातला चार हिस्सा बेसॉल्ट. त्यात युरेनियम ग्रॅनाइटच्या पाव हिश्श्याइतकंही नसतं." ट्रॉम्बेला ते शुद्ध होतं, तारापूरला जळतं, पण दगडात नाही. मला उगाच हायसं वाटलं. आणि मग त्यांनी बोटाने आमच्या ओट्यावर टकटक केली.

"हा कुठला?"

"कडप्पा."

"कडप्पा म्हणजे कुठला?"

चाळीस वर्षं ज्यावर भाकरी थापली त्या दगडाचं गाव मला कधी सुचलं नव्हतं. कडप्पा हे माझ्या लेखी स्टीलसारखं, लाकडासारखं एका पदार्थाचं नाव. ते आंध्रातल्या जिल्ह्याचं नाव आहे. त्या जिल्ह्यात पुलिवेंदुलाजवळ तुम्मलापल्ले नावाचं गाव आहे, आणि २०११ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष श्रीकुमार बॅनर्जी यांनी जाहीर केलं की तिथे ४९ हजार टन युरेनियम नक्की आहे, पुढे त्याच्या तिप्पटही निघेल. देशातला सर्वांत मोठा साठा. फरशीचा थर वेगळा हं, काकांनी लगेच दुरुस्त केलं, तो बराच वरचा. युरेनियमचा थर खाली, दोनशे कोटी वर्षांच्या आसपासचा, शंभर किलोमीटरहून लांब पसरलेला, पाटीसारखा तिरका. पण खोरं तेच. "आणि स्वभाव तोच," ते म्हणाले आणि माझ्या तीन गोलांवर बोट ठेवलं.

गोष्ट लिंबाची होती. कडप्पा हा चुनखडी दगड. आम्ल पडलं की तो फसफसतो, खाल्ला जातो, पांढरा पडतो. चिंचेनेही तेच होतं. (आई खिडकीबाहेर बघू लागली.) जादुगुडाला खनिज दळून त्यात सल्फ्युरिक आम्ल ओततात आणि युरेनियम विरघळवून घेतात. तेच तुम्मलापल्लेला करायला गेलं तर सगळं आम्ल दगडच पिऊन टाकेल. शोध लागूनही तो साठा वर्षानुवर्षं नुसता नकाशावर राहिला, त्याचं एक मोठं कारण हे. शेवटी आम्ल सोडून उलट बाजूने गेले. धुण्याचा सोडा आणि खायचा सोडा, दोन्ही पाण्यात, वर उष्णता आणि दाब, म्हणजे कारखान्याएवढा प्रेशर कुकर. २०१२ मध्ये तो कारखाना सुरू झाला. भोवती केळीच्या बागा आहेत. बोअरच्या पाण्याची चव बदलली, बागा वाळताहेत, असं तिथले शेतकरी सांगत आले आहेत.

"आणि खाली काय आहे तुमच्या?" काकांनी पायाने विचारलं.

खाली शहाबादी फरशी. शहाबाद कर्नाटकात, भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडीचं गाव. त्याच चुनखडीत, दक्षिणेला यादगीर जिल्ह्यात, गोगी नावाच्या गावाजवळ एका मोठ्या भेगेच्या कडेने युरेनियम लागलंय. ते अजून काढलेलं नाही. काका तिथल्या सुरुवातीच्या कॅम्पांतले. भेगेजवळचा दगड कसा चुरलेला, पुन्हा जुळलेला असतो ते दाखवायला त्यांनी आईच्या डब्यातली चिक्की मागून घेतली आणि ती मोडून, जुळवून दाखवली. मग खाल्ली.

त्या रात्री मी रेल्वेचं वेळापत्रक काढलं. आम्ही लहानपणी दोनदा तिरुपतीला गेलो होतो, पुण्याहून, रेल्वेने. सोलापूर, कलबुर्गी, शहाबाद, वाडी, यादगीर, रायचूर, गुंतकल, कडप्पा, रेणिगुंटा. बालाजीला जाणारं आमचं सगळं घराणं पिढ्यान् पिढ्या त्या रुळांवरून पुरी-भाजी खात गेलं. स्टेशनाबाहेर उभ्या लावलेल्या फरशांच्या चळती मला आठवतात. सूर्य पडला की त्या पत्त्यांच्या कॅटसारख्या दिसायच्या. वडील म्हणायचे, "बघ, आपला ओटा इथून आला." म्हणजे त्यांना गाव ठाऊक होतं. मी ऐकलं नव्हतं.

शेवटी दगड बदललाच नाही. आईने दोन गुंजांचं कारण पुढे केलं, पण खरं म्हणजे तिला ओटा सोडवत नव्हता. मिस्त्री नाराज झाला, मग पॉलिशचं मशीन घेऊन आला. काका खास बघायला वर आले आणि म्हणाले, ते गोल राहू द्या, नमुना म्हणून चांगले आहेत. आई म्हणाली, डाग काय मिरवायचे असतात? मशीन फिरायला लागलं. काळा रेंदा ओघळून मोरीकडे गेला, आधी तीन गोल गेले आणि मग, बराच वेळ घासल्यावर, चौथा. ओटा पुन्हा १९८४ सारखा काळा झाला.

ऊन चढलं होतं. आईने मिस्त्री, त्याचा पोऱ्या आणि काका अशा तिघांसाठी सरबत केलं. ट्रॉल्या अजून बसायच्या होत्या, टेबल बाहेर गॅलरीत होतं, पेले ठेवायला दुसरी जागा नव्हती.